चाळीचे पत्रे आणि महाराजांची मिशी

“चाळीवरचे पत्रे आठ दिवसांत खाली आले पाहिजेत!” रुईगडच्या दौलतराजे महाराजांनी फर्मावलं. “आणि बाहेरचा एकही माणूस आमच्या छपरावर चढता कामा नये!”

राज्य कधीच गेलं होतं. फर्मानं सोडायची सवय तेवढी राहिली होती, आणि ती झेलायला पागेमागच्या चाळीतले नोकर होते. त्या चाळीवर महाराजांच्या आजोबांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे घातले होते. आगीत जळत नाहीत म्हणून त्या काळी त्यांचं केवढं कौतुक! आता ते शेवाळून काळे पडले होते आणि कडांनी त्यांचा भुगा होत होता. तो भुगा इतकी वर्षं नोकरांच्या अंथरुणावर पडला, तेव्हा महाराजांना काही दिसलं नाही. युवराजांची वरात त्या बाजूने जाणार आणि फोटोत काळं छप्पर येणार म्हटल्यावर मात्र लगेच दिसलं!

घोड्यांची निगा राखणारा म्हाळू मोतद्दार हात जोडून म्हणाला, “महाराज, या पत्र्याची धूळ फार वाईट. छातीत जाऊन बसली की निघत नाही, असं दवाखान्यातले डॉक्टर सांगतात. हे काम करणारी परवान्याची माणसं तालुक्याला आहेत. त्यांना बोलावलं तर...”

“परवाना?” महाराज गरजले. “वर चढायचं, हातोडा घालायचा, तुकडे खाली टाकायचे! त्यात शिकायचं काय? तूच काढ! आणि धुळीचा एक कण जरी लग्नाच्या मांडवात उडाला, तर तुझं बिऱ्हाड चाळीबाहेर!”

“वा, महाराज!” दिवाणजींनी मान डोलावली. त्यांना दुसरं काही येत नसे.

म्हाळू घरी आला आणि मुकाट्याने हातोडा शोधू लागला. त्याची मुलगी बकुळा भाकऱ्या थापत होती. तिने बापाकडून सगळं काढून घेतलं आणि तवा खाली उतरवला.

“बाबा, तालुक्याच्या शाळेवरचे पत्रे काढले ना, ते मी पाहिलंय. ती माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, तोंडावर खास मुखवटे. आधी पत्रा भिजवायचा, मग न फोडता अख्खा उतरवायचा, गुंडाळायचा आणि नेमून दिलेल्या जागीच पुरायचा. आणि तुम्ही उघड्या अंगाने हातोडा घालणार?”

“मग काय करू? घर जाईल, पोरी.”

“आणि घर वाचवून त्यात कोण राहणार? तुमचा खोकला?”

म्हाळूने छाती हाताने दाबून धरली. छातीत कळ आली की तो असंच करायचा, हे बकुळाला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांसमोर महाराजांचा तोरा उभा राहिला आणि तिला राग आला.

“बाबा, तुमची कात्री कुठंय? घोड्यांची आयाळ कापायची?”

सकाळी महाराज सज्जात बसले होते. नाना न्हावी मिशीला तेल लावत होता. रुईगडात या मिशीला नानाच्या घराण्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. तशी सनदच होती, आणि दर दसऱ्याला शेला-नारळ देऊन ती नव्याने दिली जाई. एवढ्यात बापाला ओढत बकुळा आत आली. तिच्या हातात भलीमोठी कात्री!

“नानाकाका, बाजूला व्हा,” ती म्हणाली. “आजपासून महाराजांची मिशी आमचे बाबा करणार.”

महाराजांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. “कोण? हा? घोड्यांचे केस कापणारा?”

“केस ते केसच, महाराज! कात्री धरायची, कापायचं, तुकडे खाली टाकायचे. त्यात शिकायचं काय?”

“काकी गंजलीय!” घाबरलेल्या नानाची जीभ अडखळली. “म्हणजे, कात्री गंजलीय!”

“महाराज तर कालच म्हणाले, बाहेरचा माणूस नको,” बकुळा म्हणाली. “बाबा तर घरचेच! मुहूर्त बरा आहे, मान वर करा.”

“दूर हो!” महाराज खुर्चीत मागे सरकले. “अगं, नानाच्या चार पिढ्यांचा हात बसलाय या कामाला! सनद आहे त्याच्याकडे! आडदांड हाताने एक केस जरी वेडावाकडा कापला गेला, तर?”

“अगदी बरोबर, महाराज!” दिवाणजी म्हणाले. “अशी नाजूक कामं सनदेवाल्यानेच करावीत. उगाच भलत्याच्या हातात—”

महाराजांनी डोळे वटारले तेव्हा दिवाणजींना कळलं, की आज मान डोलवायला नको होती.

“वेडावाकडा कापला गेला तर काय होईल, महाराज?” बकुळाने विचारलं.

“काय होईल? युवराजांच्या लग्नात आम्ही तोंड कसं दाखवू?”

“महिनाभर नका दाखवू. महिन्याभरात मिशी पुन्हा उगवते.” बकुळाने कात्री मिटली. “माझ्या बाबांची छाती पुन्हा उगवायची नाही, महाराज. जी उगवते तिला सनदेचा माणूस, आणि जी उगवत नाही तिला हातोडा?”

नानाच्या बोटावरून तेलाचा थेंब महाराजांच्या गुडघ्यावर पडला. महाराजांनी बकुळाकडे पाहिलं, म्हाळूकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ते अजून मिशी झाकूनच होते! महाराजांना आधी खुसखुसायला आलं, आणि मग ते इतक्या मोठ्याने हसले की पागेतले घोडे खिंकाळले.

“हरलो, पोरी, हरलो! दिवाणजी, तालुक्याला माणूस धाडा. परवान्याची माणसं बोलवा. ती येईपर्यंत त्या छपराला कुणी बोटही लावायचं नाही!” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बकुळाच्या हातात घातलं. “हे तुझ्या जिभेला. आणखी माग.”

“काम चालेल तोवर चाळीत राहता यायचं नाही, महाराज. सगळ्या बिऱ्हाडांना जागा हवी.”

“पाहुण्यांचा बंगला दिला!”

“पण महाराज,” दिवाणजी कळवळले, “तिथे लग्नाचे पाहुणे उतरायचेत!”

“त्यांना तंबू ठोका,” महाराज डोळे पुसत म्हणाले. “आणि त्यातल्या पहिल्या तंबूत तुम्ही राहा!”