तिरकूने घरच विकलं

त्या दिवशी ऊन फार होतं. वाळू तव्यासारखी तापली होती. समुद्र ओहोटीला लांब गेला होता. वारा अगदी गप्प. गवताचं पातं हलत नव्हतं.

अशा उन्हात एका खडकापाशी एक खेकडा बसला होता. एवढासा, तुमच्या अंगठ्याएवढा. नाव तिरकू. तो शंखात राहायचा, बरं का. त्याची शेपटी मऊ मऊ, लोण्यासारखी. म्हणून शंख हवाच.

तिरकूच्या घरी बायको होती. तिचं नाव कवडी. आणि पोरं नऊ. खाणारी तोंडं खूप, खाऊ थोडा. मग तिरकूने एक जोडधंदा काढला. लाटेबरोबर आलेले जुने शंख तो गोळा करायचा. घासायचा, पुसायचा. किनाऱ्यावर त्याला एक छोटा फोन सापडला होता. काच तडकलेली, पण चालायचा. त्या फोनवर तो शंखांचे फोटो लावायचा. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदल्यात खाऊ द्यावा.

त्या सकाळी त्याने तीन शंख मांडले. एक फुटका. एक फार मोठा. एक फार छोटा. फोन दगडाला टेकवला.

तिरकू म्हणाला, "दुकानात दुकानदार दिसायला हवा."

म्हणून तोही रांगेत उभा राहिला. चौथा. टिक. फोटो निघाला.

थोड्या वेळाने वाडीतली शेळी आली. तोंडात भाकरी.

"फोटो बघितला," शेळी म्हणाली. "चौथा शंख दे. ही घे भाकरी."

तिरकूने मोजलं. एक, दोन, तीन... चौथा तर त्याच्या अंगावर. पण फोटो लावला म्हणजे माल विकायचा. तिरकू शब्दाचा पक्का. तो शंखातून बाहेर आला आणि शंख देऊन टाकला.

पोरांनी भाकरी खाल्ली. कुरुम कुरुम. संपली.

आणि तिरकूची शेपटी उघडी. वरून ऊन, खालून वाळू. चट चट चट.

तो फुटक्या शंखात शिरला. शेपटी बाहेर. मोठ्या शंखात शिरला. गडगडत बाहेर. छोट्यात तर शिरताच येईना.

कवडी म्हणाली, "छान धंदा केलात. घरासाठी विकता विकता घरच विकलंत. आता जा, शेपटी करपायच्या आत आणा परत."

तिरकूने पाठीवर फोन घेतला. तेवढीच सावली. निघाला. तुरु तुरु, घसर घसर. तिरका तिरका.

शेळीने शंख गळ्यात बांधला होता. खुळुक खुळुक.

"शेळीबाई, शेळीबाई, शंख दे.
शंख मिळाला की शेपटी झाकेल.
नाहीतर चट चट चट."

शेळी म्हणाली, "भाकरी दे परत."

"ती पोरांनी खाल्ली."

"मग बदल्यात दुसरं काही आण. जुनं चालेल. माडाची झावळी आण. मी छत्री करीन."

तिरकू निघाला. तुरु तुरु, घसर घसर.

"माडदादा, माडदादा, झावळी दे.
झावळी मिळाली की शेळी शंख देईल.
शंख मिळाला की शेपटी झाकेल.
नाहीतर चट चट चट."

माड म्हणाला, "बघ मी किती वाकलोय. जो येतो तो म्हणतो, हा पडणार. होडीचा जुना दोर आण. पट्टा बांधून ताठ उभा राहीन. मग देतो झावळी."

तिरकू निघाला. तुरु तुरु, घसर घसर.

"होडीताई, होडीताई, दोर दे.
दोर मिळाला की माड झावळी देईल.
झावळी मिळाली की शेळी शंख देईल.
शंख मिळाला की शेपटी झाकेल.
नाहीतर चट चट चट."

होडी म्हणाली, "माझं शीड बघ, नुसत्या चिंध्या. बाकीच्या होड्या हसतात. जैतूमामाची लुंगी आण, चौकड्यांची. शीड करून मिरवीन. मग देते दोर."

जैतूमामा म्हणजे होडी चालवणारे मामा. ते जाळ्याच्या ढिगावर पडले होते. शेजारी दोरीवर जुनी लुंगी वाळत होती. तिरकू गेला. तुरु तुरु, घसर घसर.

"जैतूमामा, जैतूमामा, लुंगी द्या.
लुंगी मिळाली की होडी दोर देईल.
दोर मिळाला की माड झावळी देईल.
झावळी मिळाली की शेळी शंख देईल.
शंख मिळाला की शेपटी झाकेल.
नाहीतर चट चट चट."

मामा म्हणाले, "अरे बाबा, माझा कान खाजतोय सकाळपासून. मला काही सुचत नाही. कोंबड्याचं पीस आण. गळलेलं असलं तरी चालेल. मग ने लुंगी."

तिरकूची शेपटी आता लाल झाली होती. डोळ्यांत पाणी आलं. पण निघाला. तुरु तुरु, घसर घसर.

"कोंबडेराव, कोंबडेराव, पीस द्या.
पीस मिळालं की मामा लुंगी देतील.
लुंगी मिळाली की होडी दोर देईल.
दोर मिळाला की माड झावळी देईल.
झावळी मिळाली की शेळी शंख देईल.
शंख मिळाला की शेपटी झाकेल.
नाहीतर चट चट चट."

कोंबड्याने आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाला, "मी रोज ओरडतो. सगळे मला ऐकतात. बघत कोणीच नाही. तुझ्या त्या फोनवर माझा फोटो लाव. मग देतो पीस."

तिरकू म्हणाला, "एवढंच? ते तर माझं रोजचं काम."

त्याने नांगी उचलली. टिक.

"मान वाकडी आली," कोंबडा म्हणाला. "पुन्हा काढ."

टिक.

"तुरा कापला गेला. पुन्हा."

टिक.

"हा बरा. लाव."

तिरकूने फोटो लावला. आणि मग काय झालं, ऐका.

कोंबड्याने पीस दिलं. मामांनी कान कोरला. गुदु गुदु. "आहा," म्हणाले, आणि लुंगी दिली. होडीने लुंगीचं शीड केलं. फडफड फडफड. तिने दोर दिला. माडाने दोर कंबरेला बांधला. करकर करकर. तो ताठ झाला, अगदी थोडासा. त्याने झावळी टाकली. धप्प. तिरकूने झावळी ओढत ओढत शेळीकडे नेली.

शेळीने छत्री डोक्यावर धरली. सावलीत बसली. मग छत्रीचा एक घास खाल्ला. मग दुसरा.

"चवीला बरी आहे," ती म्हणाली. "घे तुझा शंख."

तिरकू शेपटीकडून आत शिरला. सुर्रर. आत गार गार. शेपटी झाकली. चट चट थांबलं.

शेळीने झावळीचा एक तुकडा तोडून तिरकूच्या नांगीत दिला. "पोरांना ने. नऊ आहेत ना?"

तिरकू घरी आला. तुरु तुरु, घसर घसर. कवडीने त्याला शंखासकट वरून खालून बघितलं आणि म्हणाली, "बसा आता." नऊ पोरं झावळीच्या सावलीत झोपली. तिरकूने फोन खडकाशी ठेवला, नांग्या आत ओढल्या, डोळे मिटले.

खडकाला एक कालव चिकटलेलं असायचं. ती शेजारची कालवमावशी. तिने शिंपला किलकिला केला आणि म्हणाली, "तिरकू, झोपलास का रे? तुझा फोन मघापासून कुंई कुंई करतोय. कोणीतरी विचारतंय, कोंबडा केवढ्याला दिला, आणि घरी आणून देणार का."