तीनदा पुकारलेला गोलंदाज

“सुभानजी गोलंदाज! तीनदा पुकारलं, उत्तर नाही. अर्ज रद्द!” फौजेच्या कचेरीत बक्षी भिकाजीपंतांनी सलग तिसऱ्या महिन्यात शिक्का हाणला.

सुभानजी दहा पावलांवरच बसला होता! वेढ्यात तोफा डागून डागून त्याचे दोन्ही कान गेले होते. जायबंदी शिपायाला दरमहा मिळणारं धान्य त्यानं मागितलं, तर पंत म्हणाले, “बहिरेपणाचं सोंग कुणालाही जमतं!” फेरविचारासाठी अर्ज करावा, तर हे असं. कचेरीत बायकांना मज्जाव, म्हणून बायको म्हाळसा खुणवायलाही जवळ नसे.

घरातली कणगी रिकामी झाली, तशी म्हाळसा तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन, नवऱ्याला सोबत घेऊन थेट दरबारात गेली.

“कानाच्या आतलं कुणाला दिसतं, बाई?” तिची फिर्याद ऐकून महाराज म्हणाले. “साक्षीदार आण! पण तो तुझा सोयरा नको, गावचा नको, आणि तुमचा कळवळा असलेला तर नकोच. दरबार उठायच्या आत आण!”

कशाला आलो आपण इथं? त्यात पोरीनं म्हाळसाच्या गळ्यातली पोत तोंडात घातलेली. पोत सोडवता सोडवता ती महाराजांशेजारी उभ्या असलेल्या बक्षींकडे वळली.

“पंत, माझंच चुकत असेल, पण तुम्ही जरा हळू पुकारलं असेल, नाही?”

“हळू?” पंत उसळले. “अगं, छपरावरची कबुतरं उडाली!”

“मग धनी लांब बसले असतील.”

“दहा पावलांवर! ढिम्म! मान वळवली नाही की पापणी हलवली नाही!”

“तीनही महिने?”

“तीनही महिने! शपथेवर सांगतो! शिक्क्यानिशी लिहून ठेवलंय!”

“महाराज,” म्हाळसा म्हणाली, “हे माझे साक्षीदार! सोयरे नाहीत, गावचे नाहीत. आणि कळवळ्याचं तर तुम्ही बघताच आहात! धान्यासाठी सोंग घेणारा माणूस धान्य मिळायच्या वेळी तीनदा गप्प बसेल होय?”



महाराज खदखदून हसले. “सुभानजी! मागच्या तीन महिन्यांसकट धान्य मंजूर! वर दुभती गाय!”

सुभानजी खांबावरची नक्षी बघत होता.

“पंत, यापुढे नुसतं पुकारायचं नाही. जागेवर जाऊन हात धरून आणायचं. चला, आत्ताच!”

भिकाजीपंत दहा पावलं चालत गेले आणि त्यांनी सुभानजीच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून उठला आणि तोफखान्यातल्या आवाजात ओरडला, “आँ? माझं नाव पुकारलं काय?”

दरबाराच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली, आणि महाराज हसता हसता गादीवरून घसरले!