देठाच्या बुडाशी पिशवी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक म्हातारा वानर राहत असे. तो मोठा विद्वान होता. रानातली पिल्ले रोज सकाळी त्याच्याकडे शिकायला जात. तो फांदीवर बसून बोले आणि पिल्ले खाली रांगेत बसून ऐकत. वर्गाचा नियम एकच होता : शेजाऱ्याशी बोलायचे नाही. वानराला त्याच्या गुरूंनी असेच शिकवले होते.

श्रावणात रानभर पांढरी अळंबी उगवली. वानर म्हणाला, "चांगले अळंबे आणि विषारी अळंबे दिसायला सारखेच. फरक एवढाच, की विषारी अळंब्याच्या देठाच्या बुडाशी पिशवी असते. म्हणा." पिल्लांनी दहा वेळा म्हटले. सर्वांत मन लावून म्हणत होते ते एका भेकराचे, म्हणजे छोट्या हरणाचे, पाडस. त्याची आई आजारी होती. तिला गवत चाववत नव्हते. तिच्यासाठी मऊ अळंबी न्यावी, असे त्याने ठरवले होते.

शेजारी काट्यांची साळू बसली होती. पाडसाने तिला हळूच विचारले, "पिशवी दिसते कशी ग?" साळू तोंड उघडणार, इतक्यात वरून आवाज आला, "कोण बोलले?" दोघेही गप्प झाले. तेव्हा मागून मुंगूस उठले. "गुरुजी, चौघाचौघांनी मिळून एकेक अळंबे मध्ये ठेवून बघू का? ज्याला जे ठाऊक असेल, ते तो बाकीच्यांना सांगेल."

"चार अडाणी एकत्र बसले म्हणून एक शहाणा तयार होत नाही," वानर म्हणाला. "नुसता गोंगाट होतो." पिल्ले हसली. "मग आपण माना डोलवू," असे पुटपुटत मुंगूस खाली बसले. शेवटी वानराने पाठ म्हणून घेतला. पाडसाने तो एकही शब्द न चुकता म्हटला आणि वानराने त्याला शाबासकी दिली.

त्याच दुपारी पाडस उतारावर गेले. भेकरे चरतात तसे त्याने एक अळंबे जमिनीलगत दातांनी तोडले. नाकाने उलटे केले, पुन्हा सुलटे केले. तीनदा पाहिले. पिशवी कुठेच नव्हती. मग त्याने तशीच आणखी चार तोडली आणि आईपुढे नेऊन ठेवली.

"तूही खा ना," आई म्हणाली.

"मला गवत आहे. ही तुझ्यासाठी."

आईने सगळी खाल्ली. बऱ्याच दिवसांनी तिचे पोट भरले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

सगळे रान जमले. वानरही आला. "मी सांगितले होते," तो म्हणाला. "त्याच दिवशी सांगितले होते." आणि ते खरेच होते.

"पिशवी नव्हती, गुरुजी," पाडस म्हणाले. "मी तीनदा पाहिले."

साळूने पाडसाला अळंबी कुठे तोडली ते विचारून घेतले आणि ती उतारावर गेली. तोडलेल्या देठाभोवतीची माती तिने पंजांनी उकरली. देठाचे थोटूक वर निघाले. त्याला तळाशी एक पांढरी, फाटकी पिशवी होती. ते तिने आणून सर्वांपुढे ठेवले. "पिशवी मातीच्या आत असते," ती म्हणाली. "मी मुळे उकरून खाते ना, म्हणून रोज पाहते."

"मग मला सांगितले का नाहीस?" पाडसाने विचारले.

"सांगणारच होते," साळू म्हणाली आणि खाली बघू लागली.

वानराने ते थोटूक उचलले. कितीतरी वेळ तो ते हातात फिरवत राहिला. कितीतरी पावसाळे त्याने हाच पाठ शिकवला होता.

"अशी असते होय," तो अगदी हळू म्हणाला.

पाडसाने ते ऐकले नाही. ते आईच्या कानावरच्या माश्या हाकलत होते.

तात्पर्य : नुसते ऐकलेले ज्ञान ओठांवर राहते, चौघांनी मिळून हाताळलेले, एकमेकांना विचारलेले आणि सांगितलेले ज्ञानच वेळेला उपयोगी पडते.