दुभाष्याच्या कानातला कापूस

कोकणातल्या एका बंदरात एकदा एक वृद्ध दुभाषी राहत असे. फ्रेंच जहाज धक्क्याला लागले की त्याच्यावाचून तिथल्या व्यापाऱ्यांचे पान हलत नसे. त्याचा तरुण शिष्य नरहरी देशावरून आलेला. पाठांतर असे की एकदा ऐकलेला शब्द जन्मात विसरायचा नाही. खोड मात्र एकच. कुणी बोलू लागले की तो डोळे मिटून घेई. वर सांगे, "अर्थ कानांनी येतो, चेहरे पाहून नुसता घोळ होतो." आता काय म्हणावे या शहाण्याला!

एके दिवशी एक फ्रेंच खलाशी डोलकाठीवरून पडला आणि त्याची नडगी मोडली. एका व्यापाऱ्याने त्याला आपल्या वखारीत ठेवून घेतले आणि वैद्यबुवांना बोलावले. गुरुजी परगावी होते, म्हणून दुभाषी म्हणून नरहरी गेला. वैद्यबुवांचा हात पायाला लागताच खलाशी ओरडला, "दू! दू!"

नरहरीला हा फ्रेंच शब्द पाठच होता, दू म्हणजे गोड. डोळे न उघडताच तो म्हणाला, "गोड मागतोय."

व्यापाऱ्याने लगबगीने गुळाचा खडा आणून त्याच्या तोंडात घातला. झाले समाधान, असे समजून वैद्यबुवांनी पाय जोराने ओढला. खलाशाने गूळ थुंकला, वैद्यबुवांना ढकलून दिले आणि मग कुणालाही जवळ फिरकू देईना.

गुरुजी परतले तेव्हा पाय टम्म सुजला होता. वैद्यबुवा म्हणाले, "आज हाड बसले नाही, तर पोराचा पाय गेलाच म्हणून समजा."

नरहरी रडकुंडीला आला. "गुरुजी, मी शब्द चुकलो नाही हो! दू म्हणजे गोडच ना?"

"गोडच," गुरुजी शांतपणे म्हणाले. मग त्यांनी कापूस मागवला, त्याचे दोन बोळे नरहरीच्या कानांत घट्ट कोंबले आणि त्याला खलाशासमोर बसवले. आज दुभाषी तूच, अशी खूण केली.

व्यापारी भडकला. "अहो, बहिरा दुभाषी काय चुलीत घालायचाय? इथे एकाचा पाय जायची वेळ आलीय!"

नरहरीला त्यातले काही ऐकू आले नाही. कान बंद, आता डोळेही मिटले तर उरले काय? म्हणून त्याने ते उघडे ठेवले आणि त्या खलाशाला प्रथमच नीट पाहिले. बिचारा त्याच्याच वयाचा होता. ओठ सुकलेले, नजर वैद्यबुवांच्या अंगठ्यावर खिळलेली. अंगठा पायाकडे सरकू लागला तशी त्याची बोटे बाजेच्या कडेवर आवळली, श्वास अडकला, ओठ हलले. ते पाहून नरहरीच्याच नडगीत कळ गेली.

"वैद्यबुवा, हळू! अगदी हळू!" तो केवढ्याने तरी ओरडला.

वैद्यबुवांचा हात सैल पडला. खलाशाने नरहरीकडे पाहिले आणि हात पुढे केला. नरहरीने तो धरला. हातातली पकड आवळली की तो 'हळू' म्हणे, सैल झाली की मान डोलवी. असे करत करत हाड जागेवर बसले. खलाशी घामाने निथळत होता, पण त्याने कुणाला ढकलले नाही.

गुरुजींनी कापूस काढला. "तो काय म्हणाला, रे?"

"ठाऊक नाही, गुरुजी. मला ऐकूच आले नाही."

"तोच शब्द. दू."

नरहरीचे डोळे भरून आले. गुरुजी म्हणाले, "अरे, विहिरीचे पाणी खारे नसते, म्हणून ते लोक त्याला दू म्हणतात. रेशीम दू, मंद आच दू, सौम्य स्वभावही दू. आपले गोडे तेल तरी कुठे साखरेसारखे लागते? जे बोचत नाही, ते दू. शब्द तुला पाठ होता, पण समोरच्याला काय बोचते आहे ते पाहायला तू डोळे कुठे उघडले होतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशी जागा झाला आणि म्हणाला, "दू."

"अरे, हळू! त्याच्या पायाला हात लावू नका!" व्यापारी धावत आला. नरहरीने मात्र आधी खलाशाकडे पाहिले. तो कोनाड्यातल्या गुळाच्या वाटीकडे पाहून हसत होता. नरहरीने एक खडा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि या वेळी त्याने तो थुंकला नाही.