मूठभर आणि डोंगऱ्या

एक होती राणी. राजा नव्हता, तो लढाईत गेला होता. राणीचं नाव सगुणा आणि तिला एकुलती एक लेक, पोवळा. मायलेकी उंच गडावर राहायच्या. गडाला एकच दरवाजा आणि राणीला एकच उद्योग, काळजी करायचा. पोर शिंकली की वैद्य बोलवा. पोर हसली की दृष्ट काढा. आणि पोर गप्प बसली, की मग तर विचारूच नका. तुमच्या आईचीच बहीण शोभली असती, बरं का. हसतेस काय मुक्ते, हुंकारा दे. हुंकारा थांबला की माझी गोष्ट अडते.

पण त्या वर्षी काळजी करावी असंच झालं. पावसाळा संपला आणि दरीतून धुकं वर यायला लागलं. धुकं काय, दर वर्षी यायचं. पण या वर्षी धुक्यात कुणीतरी होतं. कोण, ते कुणी पाहिलं नाही. दिवेलागण झाली की धुकं दरवाजाशी येऊन थांबायचं आणि आतून हाक यायची, "ये गं बाळा, ये." हाक कशी? ज्या पोराच्या कानावर पडेल, त्याच्या आईच्या आवाजात. आई शेजारी बसून भाकरी थापत असली, तरी पोर उठून त्या हाकेमागे चालू लागायचं. का म्हणून काय विचारतोस, अण्णू? अरे, खरी आई रागावते. धुक्यातली कधीच रागावत नाही.

पहिल्याच संध्याकाळी पोवळा निघाली. दरवाजातून एक पाऊल बाहेर पडलं, तेवढ्यात राणीनं तिची वेणी धरली म्हणून बरं. वेणी धरली ती रात्रभर सोडली नाही. मग गडाचा दरवाजा लावायला सांगितला. पण तट जुना, जागोजागी फटी. मोठा माणूस जाणार नाही, पण पोर सहज निसटेल. कुठे कुठे म्हणून पहारा बसवणार?

मग कुणीतरी सांगितलं, पठारावर लिंबाई धनगरीण असते. धुकं तिच्या मेंढरांच्या वाड्यावरूनही जातं, पण तिचं एकही कोकरू हरवलेलं नाही. राणीनं तिला बोलावलं. म्हातारी आली ती दोन कुत्री घेऊन. एक होतं तिच्या ओच्यात. पांढरं, इवलंसं, डोळे काळ्या मिऱ्यांसारखे. त्याचं नाव मूठभर. दुसरं तिच्या मागून चालत आलं. वासराएवढं, अंगावर दाट केस, गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा. त्याचं नाव डोंगऱ्या. ते आलं आणि दासी खांबाआड झाल्या.

लिंबाई म्हणाली, "राणीबाई, ह्यातलं कंचं बी एक घे. हाकेला वास नसतो. माणूस आवाजाला फसतं, कुत्रं न्हाई फसत."

राणी म्हणाली, "दोन्ही दे ना मग."

"दोन्ही दिली तर दोघं एकमेकांच्या भरवशावर झोपतील. एकच घे. पण इचार करून घे. हे मांडीवरचं हाय, ज्याच्या मांडीवर बसंल त्याचं. त्ये कळपाचं हाय, एकट्यादुकट्याचं न्हाई."

राणीनं डोंगऱ्याकडे पाहिलं. त्यानं जांभई दिली आणि त्याचे दात दिसले. राणी मागे सरकली. तेवढ्यात मूठभर उडी मारून पोवळाच्या मांडीवर जाऊन बसलं, आणि पोर कितीतरी दिवसांनी हसली. मग राणीला विचार करायला सुचलंच नाही. ती म्हणाली, "हेच दे." म्हातारीनं डोंगऱ्याला घेतलं आणि आली तशी निघून गेली.

कुत्रं गुणाचं निघालं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी हाक आली. पोवळा उठू लागली. मूठभरानं नाक वर केलं, हुंगून पाहिलं. आवाज राणीचा, पण वास काही राणीचा नाही. मग ते असं टिपेला जाऊन भुंकलं, की पोवळा दचकून भानावर आली आणि आईला बिलगली. राणीचा जीव भांड्यात पडला.

आणि त्याच संध्याकाळी तेल्याचा मुलगा धुक्यात गेला.

राणी हळहळली. तेलिणीकडे धान्य पाठवलं. पण मनात काय म्हणाली असेल? माझी तर आहे. म्हणाली बाई, मनातल्या मनात म्हणाली, आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मूठभर भुंकलं, पुन्हा पोवळा वाचली, आणि सुताराची दोन्ही पोरं गेली. गडावर चुली पेटल्या नाहीत. राणीच्या खोलीत मात्र कुत्रं दूधभात खात होतं. तिला तो आवाजसुद्धा ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी कुंभारीण आली. तिची लेक ठकी ही पोवळाची जिवाची मैत्रीण. दोघी दिवसभर मातीची चूलबोळकी मांडायच्या आणि भांडायच्या. कुंभारीण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "राणीसाहेब, कुत्रं घटकाभर द्याल? दिवे लागायच्या वेळेपुरतं. लगेच आणून देते."

राणीला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण घटकाभर म्हणजे नेमकी तीच घटका. त्या घटकेला पोवळानं ऐकलं तर? तिनं कुत्र्याला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "उद्या बघू हं."

कुंभारीण नमस्कार करून गेली. आणि त्या संध्याकाळी ठकी गेली.

मग राणीला झोप कसली? बाहेर कुणी रडत नव्हतं, ते जास्त वाईट होतं. पोवळानं पानावर बसून घासाला हात लावला नाही. "ठकी कुठंय? ठकीला कुत्रं का नव्हतं?" एवढंच विचारत राहिली. उजाडता उजाडता तिनं मूठभराला उचललं, पायांत वहाणा घालायचं भान राहिलं नाही, आणि काट्याकुट्यातून पठारावर गेली.

लिंबाई बाहेरच बसली होती. राणीनं कुत्रं तिच्या ओच्यात ठेवलं आणि म्हणाली, "चुकले मी. मोठं दे."

म्हातारी म्हणाली, "चुकलीस खरं. पण ह्या कुत्र्यात खोट न्हाई गं. एका मांडीला पुरतं ते. मला म्हातारीला तेवढंच लागतं." मूठभर तिच्या घोंगडीत शिरून डोळे मिटून पडलंसुद्धा. मग ती म्हणाली, "आता नीट ऐक. डोंगऱ्याला कळप दाखवावा लागतो. सकाळच्या उन्हात एकेक पोर त्याच्या नाकाखालून ने. जी गेली, त्यांची कापडं ने. ज्याचा वास घेतला, ते त्याचं. त्याच्यासाठी डोंगऱ्या जीव दील. ज्याचा न्हाई घेतला, ते त्याला झाडासारखं, धोंड्यासारखं. आणि एकदा कामाला लागला, की त्या दिवशी त्याच्या नाकात नवा वास शिरत न्हाई."

राणीनं मान डोलावली. तुम्हीही ध्यानात ठेवा.

गडाच्या दरवाजात डोंगऱ्या बसला. रांग लागली. आया एकेक पोर पुढे करायच्या, तो हुंगायचा, पोरं गुदगुल्यांनी किंचाळायची. तेलिणीनं मुलाची टोपी आणली. सुतारणीनं दोन सदरे आणले. कुंभारीण ठकीचं परकर-पोलकं घेऊन आली, ते तिच्या हातून सुटता सुटेना. डोंगऱ्यानं सगळं शांतपणे हुंगलं. राहिली कोण? पोवळा.

राणी तिचा हात धरून उभी होती. दोनदा पुढे झाली, दोनदा मागे आली. एवढा मोठा जबडा! आणि माझ्या पोरीचं नाक केवढं! तो चावला तर? नुसता शिंकला तरी पोर पडेल. शेवटी तिनं ठरवलं, हिला मीच सांभाळीन. माडीवर ठेवीन, बाहेरून कडी लावीन, दारात दासी बसवीन. बाकीच्यांना कुत्रं पुरे. आणि लेकीला उचलून ती माडीवर गेली. मुक्ते, असा हात नको मारूस कपाळावर. भीती ही अशीच असते, ती शहाण्या माणसालाही अक्कल गहाण ठेवायला लावते.

संध्याकाळ झाली. धुकं आलं. डोंगऱ्या उठला, अंग झाडलं आणि तडक धुक्यात शिरला. दरवाजाशी सगळा गड गोळा झाला. राणीही खाली आली, क्षणभरच, बघायला. धुक्यात काही दिसेना. फक्त त्याचं भुंकणं, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मग पावलांचा आवाज. मग पोरं! तेल्याचा मुलगा, सुताराची दोघं, ठकी. झोपेत असल्यासारखी, दाटीवाटीनं एकमेकांना चिकटून चालत होती. मागून डोंगऱ्या. बाजूला कुणी सरकलं की नाकानं ढकलायचा. एकेक आई धावली. रडारड, हसणं, मुके, एकच गोंधळ.

राणी आनंदानं माडीवर धावली, पोवळाला सांगायला. दारात दासी पेंगत होती. कडी तशीच होती. आत खिडकी उघडी आणि अंथरूण रिकामं.

त्या दिवशी धुक्यानं राणीच्या आवाजात हाक मारलीच नव्हती. ठकीच्या आवाजात मारली होती. पोर खिडकीतून चिंचेच्या फांदीवर उतरली, तटाच्या फटीतून निसटली आणि गेली.

राणी दरवाजाकडे कशी आली ते तिलाच कळलं नाही. डोंगऱ्या पुढच्या पायांवर तोंड टेकून पडला होता. त्याचा कळप पुरा झाला होता. राणीनं त्याचा पट्टा ओढला, हाताला काटे लागून रक्त आलं. पोवळाचा परकर त्याच्या नाकाशी धरला. त्यानं तोंड फिरवलं. ती त्याच्या पायांशी बसली, गयावया केली. राणी, बरं का, कुत्र्याच्या पाया पडत होती. तो नुसता तिच्याकडे बघत होता, धोंड्याकडे बघावं तसं. मग ती स्वतःच धुक्यात धावली, तर कुंभारणीनं तिचं मनगट धरलं. "तुम्हीही हरवाल, राणीसाहेब. तुमचा तरी वास कुठं दिलाय त्याला?"

राणी मटकन खाली बसली.

ठकी आईच्या कडेवर होती. अजून कुडकुडत होती. ती म्हणाली, "पोवळा राहिली? मग मी पण हरवते." आणि आईला कळायच्या आत पोर कडेवरून घसरली आणि भुर्रकन धुक्यात पळाली.

कुंभारणीनं किंकाळी फोडली. आत्ता कुठे मिळालेली लेक! तिनं राणीकडे पाहिलं. राणीला ती नजर सोसली नाही. पण दोघींचे हात सुटले नव्हते, मनगट अजून धरलेलंच होतं, आणि आता कोण कुणाला धरून आहे ते कळत नव्हतं.

डोंगऱ्याचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. त्यानं पोरांवरून नाक फिरवलं. एक कमी! तो ताडकन उठला आणि एका उडीत धुक्यात गेला.

सगळे कान देऊन उभे राहिले. भुंकणं लांब गेलं. आणखी लांब गेलं. मग बंदच झालं. राणीला वाटलं, संपलं. कुंभारणीलाही तसंच वाटलं असणार, तिची बोटं गार पडली होती. धुक्यातून हाका सुरू झाल्या, कधी राणीच्या आवाजात, कधी कुंभारणीच्या, कधी ठकीच्या. एकापाठोपाठ एक, गोड गोड हाका. डोंगऱ्याचा आवाज काही येईना.

अण्णू, माझा पदर सोड, फाटेल. आला तो. येणारच होता.

आधी ठकीची कुरकुर ऐकू आली. "ओढू नकोस रे, पोलकं फाटेल!" डोंगऱ्यानं दातांत तिचं पोलकं धरलं होतं आणि तिला ओढत आणत होता. आणि ठकीनं दोन्ही हातांनी पोवळाला मिठी मारली होती. त्यानं दुसरीला सोडवून पाहिलं, नाकानं ढकलून पाहिलं, पण ठकी कसली सोडते! एकीला ओढलं की दोघी येतात. मग काय करतो बिचारा? घेऊन आला दोघींना.

राणीनं पोवळाला उचललं. कुंभारणीनं ठकीला उचललं, आधी एक धपाटा घातला आणि मग इतकी रडली की बोलायची सोय नाही. राणी म्हणाली, "काल तू कुत्रं मागितलंस. मी उद्या म्हटलं."

कुंभारीण म्हणाली, "म्हटलंत खरं."

एवढंच. "राहू द्या" म्हणाली नाही आणि "जाऊ द्या" पण म्हणाली नाही.

सकाळी ऊन आलं. डोंगऱ्या दरवाजात बसला होता. राणी पोवळाला घेऊन आली. भीती काही गेली नव्हती, पण आली. तशीच पुढे जाऊ लागली, तर कुंभारीण म्हणाली, "राणीसाहेब, रांग तिकडून आहे."

मग राणी मागे गेली आणि सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. पाळी आली तेव्हा तिनं पोवळाला खाली ठेवलं, हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. डोंगऱ्यानं पोवळाला हुंगलं. मग मान लांब करून राणीचा हात हुंगला, चांगला वेळ घेऊन. आणि कंटाळल्यासारखा पुढे बघू लागला, कारण त्याच्या लेखी कळपात आणखी दोन मेंढरं आली होती, बाकी काही नाही.

मग दर संध्याकाळी धुकं यायचं, हाका मारायचं, आणि डोंगऱ्या सगळ्यांना हुंगून मोजायचा. हाका मारून मारून त्या धुक्यातल्या कुणाचा तरी घसा बसला, आणि ते दरीपलीकडे निघून गेलं. पोवळा आणि ठकी चूलबोळकी मांडून भांडत राहिल्या. गडावरची सगळी माणसं सुखानं नांदली, लिंबाई मूठभराला घोंगडीत घेऊन निजली, आणि राणी काळजी करतच राहिली, पण आता सगळ्यांच्या पोरांची.

सरली गोष्ट. दिवा मी मालवते. सरका जरा एकमेकांजवळ, आणि निजा आता गुपचूप.