पाठ फिरवून बसलेले गुरुजी

एकदा एका नदीकाठच्या गावात खो-खोचे एक वृद्ध गुरुजी राहत होते. पायांनी साथ सोडून बरीच वर्षे झाली होती, पण मैदान सुटले नव्हते. हातात चिंचेच्या लाकडाची काठी, खांद्यावर पंचा आणि जिभेवर अधूनमधून तिखट शब्द, असा त्यांचा थाट असे. तालुक्यातले निम्मे चांगले खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झालेले, त्यामुळे तो तिखट शब्दही लोक प्रसादासारखा घेत.

त्या गावात खो-खोची दोन मंडळे होती. अलीकडच्या काठावर घाटाचे मंडळ आणि पलीकडे मळीचे मंडळ. नवा मोसम तोंडावर आला की गावाला दुसरा विषय उरत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा फेस पुसत विचारी, "धावक कुणाचे सरस? खांबावरचा सूर कुणाचा लांब? पहिल्या तुकडीत कोण उतरणार?" आणि न्हावी वस्तरा थांबवून उत्तर देई. गाव असे वेडे असावे, खेळाला त्याशिवाय बळ येत नाही.

घाटाच्या मंडळाचा कर्णधार होता हणमंत. गुरुजींचा पट्टशिष्य, वाऱ्यासारखा पळणारा. पण गेल्या मोसमातला अंतिम सामना एका गुणाने गेला होता आणि ते शल्य त्याच्या मनातून जात नव्हते. शेवटच्या क्षणी मळीचा एकच धावक उरला होता. हणमंताने बसलेल्या सर्जेरावाला खो दिला, सर्जेराव अर्धा श्वास उशिरा उठला, आणि धावक त्याच्या बोटांना चाटून निसटला. झाले! सगळ्या गावाने सर्जेरावाच्या माथी खापर फोडले. सगळ्यात आधी फोडले ते हणमंताने.

हा सर्जेराव चौदा वर्षे त्या मंडळाचा सदरा अंगावर चढवत होता. वय एकतिशीला आलेले, बोलणे मोजके. हा मोसम बहुधा शेवटचाच, हे त्यालाही ठाऊक होते. बारा खेळाडूंची यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायची होती, आणि हणमंताने मनोमन त्याचे नाव कापून टाकले होते.

यादी देण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यांना एकदा डोळ्यांखालून घालावे म्हणून हणमंत गुरुजींना घेऊन पूल ओलांडून मळीवर गेला. सराव ऐन रंगात आला होता. हणमंत वही उघडून बसला. गुरुजींनी मात्र एक दगड पाहिला, पंच्याने झटकला, आणि मैदानाकडे चक्क पाठ करून त्यावर बसले. काठी हातात उभी, डोळे मिटलेले.

हणमंताला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मळीचे खेळाडू एकमेकांकडे बघू लागले. शेवटी त्यांचा कर्णधार धावत आला, वाकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, आमचं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा. झकास चाललंय. चालू दे."

"मग पाठ का..."

"पाठीला ऊन बरं वाटतं म्हाताऱ्याच्या. जा, खेळ."

तासभर गुरुजी तसेच बसून राहिले. हणमंताने तेवढ्यात चार पाने भरली. परतताना पुलावर त्याने ती वाचून दाखवली. "संरक्षणात त्यांची पहिली तुकडी आपल्यापेक्षा थोडी चिवट आहे. पण खांबावर आपला सूर लांब. हुलकावणीत बरोबरी. आक्रमणात आपण वेगवान. गुरुजी, तराजूत घातलं तर पारडं आपलंच खाली जातंय. एकच कडी कच्ची आहे, तेवढी बदलली की झालं."

"कुठली कडी?"

"सर्जेराव. बसल्या जागेवरून उठायला त्याला वेळ लागतो. गेल्या वर्षी सगळ्या गावानं पाहिलंय."

नदीकडे बघत गुरुजी म्हणाले, "दुसऱ्याचं वाकून बघितलंस, ते बरं केलंस. आता घरचंही बघू. उद्या यादी देण्याआधी मला आपल्या सरावाला घेऊन चल."

"तुम्ही मळीवर काय पाहिलंत, गुरुजी?"

"पाहिलं काहीच नाही. ऐकलं. लई गुणी पोरं आहेत रे! तासाभरात माझी काठी एकदाही उचलली नाही."

काठीचा आणि खेळाचा संबंध काय, हे हणमंताला उमगले नाही. म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतो, असे म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर घाटाच्या मैदानावर सराव सुरू झाला. गुरुजी आले, आणि पुन्हा तीच तऱ्हा. मैदानाकडे पाठ, डोळे मिटलेले, काठी हातात. आठ जण एका ओळीत, आलटूनपालटून उलटसुलट तोंडे करून बसले. नववा हणमंत पाठलागावर निघाला.

थोडा वेळ सगळे नेहमीसारखे चालले. इतक्यात गुरुजींच्या काठीचा जमिनीवर आवाज झाला. ठक्! हणमंताने मान वळवून पाहिले, गुरुजी तसेच पाठमोरे होते. खेळ पुढे सरकला. पुन्हा ठक्! या वेळी नुकताच उठला होता सर्जेराव. हणमंताला बरे वाटले. म्हणजे म्हाताऱ्यालाही कळले म्हणायचे, आता यादीवर वाद नको!

पण पुढची ठक् झाली तेव्हा उठला होता मंडळातला सगळ्यात चपळ गडी. त्यानंतरची झाली ती खांबाजवळच्या नव्या खेळाडूसाठी. हणमंत गोंधळला. काठी एकावर थांबेना, साऱ्या ओळीवर फिरू लागली. मधली कितीतरी मिनिटे मात्र ती अगदी मुकाट राहत होती. सर्जेराव दुसऱ्याच्या खोवर दोनदा उठला, तेव्हाही काठी हलली नाही. हणमंत पळता पळता कान देऊ लागला. ठक् केव्हा होते? कुणाच्या खोनंतर?

पुढचा खो त्याने दिला. ठक्!

त्यानंतरच्या चौघांनी खो दिले. काठी गप्प. मग पुन्हा त्याची पाळी आली. ठक्!

हणमंताने हात वर करून सराव थांबवला आणि घामाने निथळत गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, ही काठी... माझ्यासाठी वाजते?"

गुरुजींनी डोळे उघडले. "मला काय ठाऊक कुणासाठी? मी तर पाठ करून बसलोय. एक आवाज आहे, त्याच्या खोनंतर पावलं लगेच वाजत नाहीत. अर्धा श्वास सुनी जागा पडते. ती जागा आली की मी काठी आपटतो. तो आवाज तुझा असेल, तर तुझा."

गुरुजींनी त्याला शेजारी बसवून घेतले.

"हे बघ, हणमंता. तू दोन्ही संघांचे पाय तोललेस, सूर तोललेस. ते डोळ्यांना दिसतं, आणि त्यात तुझा हिशेब चुकलेला नाही. पण या खेळाची खुबी निराळी आहे. जो बसलाय त्याच्या पाठीमागून खो येतो. देणारा त्याला दिसत नाही. तो पळतो ते निव्वळ भरवशावर. मळीवर हाक आणि पाऊल यांच्यात केसाएवढी फट नव्हती. म्हणून म्हटलं, गुणी पोरं आहेत. बसलेल्याला काय कळतं ते बघायचं, तर त्याच्यासारखं पाठ करूनच बसावं लागतं. तुझ्या खोनंतर माणसं का थबकतात, ते मला नाही सांगता यायचं. ज्याच्या पाठीवर तुझा हात पडतो त्याला विचार."

ज्याचे नाव आपण कापले त्याच्यासमोर प्रश्न घेऊन जायचे, हे काही सोपे नव्हे. कर्णधारपदाची ऐट आड येते. तरी हणमंत गेला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. सर्जेराव ओळीतल्या आपल्या चौकोनात तसाच बसून होता. हणमंत त्याच्याजवळ मातीतच टेकला.

"सर्जेराव, गेल्या वर्षी शेवटच्या खोला तू थांबलास. का?"

सर्जेराव मातीवर बोटाने रेघ ओढत हळूच म्हणाला, "तुझा खो तोंडातून आधी येतो आणि हात मागाहून लागतो. घाई असते तुला. उपांत्य सामन्यात मी दोनदा तुझ्या नुसत्या आवाजावर उठलो, दोन्ही वेळा पंचांनी शिट्टी मारली. तू साऱ्या मैदानासमोर मला झापलंस, 'बैलासारखा आधीच काय उठतोस?' म्हणून. मग त्या दिवशी मी हात लागायची वाट बघितली."

"अरे मग बोलला का नाहीस? वर्षभर गाव तुला बोल लावतंय!"

"काय बोलू? माझी पाठ होती तुझ्याकडे. तू म्हणालास वेळेवर दिला. मी म्हटलं, दिला असशील."

हणमंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. वर्षभर ज्याला त्याने कच्ची कडी म्हटले, त्या माणसाने वर्षभर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, तोही स्वतःच्या बदनामीची किंमत देऊन! "चुकलं माझं, सर्जेराव," तो म्हणाला, आणि हे त्याने मुद्दाम एवढ्या मोठ्याने म्हटले की ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जावे. वर्षापूर्वीचे झापणे सगळ्यांनी ऐकले होते, तेव्हा हेही सगळ्यांनी ऐकायला हवे होते.

मग त्याने वहीतली यादी काढली आणि पहिल्याच ओळीत सर्जेरावाचे नाव लिहिले. आपल्या नावापुढचा 'कर्णधार' हा शब्द खोडून त्याने कागद गुरुजींकडे दिला. गुरुजींनी तो वाचला आणि परत केला. "हे खोडलेलं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी नीट खो देऊन दाखव."

सराव पुन्हा सुरू झाला. हणमंत धावकामागे सुटला, वळला, ओळीशी आला. समोर सर्जेरावाची रुंद पाठ होती. या वेळी त्याने जीभ आवरली. तळहात पाठीवर टेकला आणि त्याच क्षणी तोंडातून शब्द निघाला, "खो!"

तो शब्द पुरा होण्याआधी चौकोन रिकामा झाला होता. एकतीस वर्षांचा सर्जेराव असा सुटला की खांबाजवळचा धावक वळायच्या आत बाद झाला. साऱ्या मैदानाने एकच आरोळी ठोकली.

काठी वाजली नाही. हणमंताने गुरुजींकडे पाहिले. काठी बाजूला ठेवून म्हातारा दगडावर वळून बसला होता, मैदानाकडे तोंड करून, खेळ बघायला.

आपल्या हाकेला आपली माणसे उशिरा का उठतात, अशी तक्रार ज्याच्या मनात असेल, त्याने एकदा आपला हात केव्हा पोहोचतो तेही पाहावे.