वरची काच

एकदा एका पिठाच्या गिरणीत दळण टाकून बसले असताना एक बातमी अर्धीच माझ्या कानावर आली. गिरणीवाल्याची बायको रांगेतल्या एकीला सांगत होती, "अगं, आबा कासारांनी काल भर दुकानात मोबाइल फोडला! हातोडीनं! प्रणिता रडायला लागली, तर तिला म्हणाले, उद्यापासून दुकानात..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

अर्धी बातमी कुसळासारखी असते. आत राहिली की माणसाला धड बसू देत नाही. दळण तिथंच सोडून मी उठले.

आबा कासारांना आमच्या पेठेत ओळखत नाही असं कोणी नाही. चाळीस वर्षं त्यांनी बांगड्या भरल्या. माझ्या दोन्ही मुलींचे लग्नातले चुडे त्यांच्याच हातचे. पुढे बायका हातभर बांगड्या घालीनाशा झाल्या, तेव्हा आबांनी अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली आणि स्क्रीनवर काचा बसवायला लागले. मी एकदा म्हटलं, "आबा, या वयात धंदा बदललात?" तर म्हणाले, "बदलला कुठं वहिनी? आधी हातावर काच चढवायचो, आता हातातल्यावर चढवतो."

प्रणिता त्यांची शिष्या. आमच्याच गल्लीत राहते. घरी ती आणि आई, दोघीच. दोन वर्षं तिनं आबांकडे मन लावून विद्या घेतली. धूळ चिकटपट्टीनं टिपायची, काच मधूनच टेकवायची, बुडबुडा बोटानं काठापर्यंत नेऊन सोडायचा. तिच्या हातची काच बसली की वर काही आहे हे सांगावं लागे. एसटी स्टँडसमोर तिच्या स्वतःच्या दुकानासाठी भाड्याचा खोकाही रंगवून तयार होता. सगळी पेठ ते जाणून होती. मी तर रंगसुद्धा सुचवला होता.

म्हणून मी दुकानात शिरले आणि प्रणिताचं स्टूल रिकामं दिसलं, तेव्हा मी उभ्या उभ्याच विचारलं.

"आबा, पोर कुठंय?"

"घालवली," आबा शांतपणे सुपारी कातरत म्हणाले. मग माझं तोंड बघून त्यांनी तेच स्टूल पुढे सरकवलं. "बसा. गिरणीतून आलात ना? पदराला पीठ आहे. सगळं सांगतो, अर्धं नेऊ नका."

त्यांनी सांगितलं ते असं.

बारा दिवसांपूर्वी एक व्यापारी दुकानात आला. फोनवरची काच जुनी झाली होती, ती काढून नवी बसवायची होती. आबा जेवायला गेले होते. व्यापारी म्हणाला, "पटकन करा बाई, गाडी उभी आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला. प्रणितानं कोपऱ्याखाली पाती घातली आणि काच ओढली. काच निघाली, पण खालच्या खऱ्या स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटली. व्यापारी नको ते बोलला. आबांनी येऊन हात जोडले, स्क्रीन बदलून दिली, प्रकरण मिटलं.

मिटलं नाही ते प्रणिताच्या हातात. त्या दिवसापासून तिनं पातीला हात लावला नाही. कव्हरं पुसायची, रंगवार लावायची, पण कोणी फोन पुढे केला की म्हणायची, "आबा येतील, त्यांच्याकडूनच बसवून घ्या." आणि काल संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, खोकेवाल्याला नाही म्हणून सांगते. सात वाजता तो शेवटचं विचारायला येणार आहे. दुसरं कोणी घेईल खोका."

आबांनी स्वतःचा फोन खिशातून काढला. हा फोन त्यांच्या मुलीनं दिवाळीत दिलेला. रोज सातच्या ठोक्याला त्यावर नाशिकची नात दिसते. फोन आबांनी गादीवर ठेवला, अडकित्ता उचलला आणि त्याची मूठ काचेवर हाणली. टक्! काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली.

"आबा! हे काय केलंत?"

"फोडली."

"पण का?"

"ते मागाहून. आधी काढ ती."

प्रणिता दोन पावलं मागं सरली. "मी नाही हात लावणार. तुमच्या नातीचा फोन यायचाय त्यावर."

"म्हणूनच सांगतो. साडेसहा झाले. दिवेलागणीनंतर बारीक कामाला माझे डोळे चालत नाहीत. तू नाही काढलीस तर नात मला आज तुकड्यातुकड्यांत दिसेल."

डोळे पुसत पोर बसली. हात पातीकडे गेला.

"पाती ठेव. नखानं कोपरा उचल, खाली हे कार्ड सरकव. आणि हात सैल सोड."

"सुटत नाही हो आबा."

"चुडा भरताना नव्या नवऱ्यासुद्धा हेच म्हणायच्या," आबा म्हणाले. मग एकदम विचारलं, "काल भाजी कसली केली होतीस?"

"काय?"

"भाजी."

"मेथीची."

"दाणे घालून?"

"नाही, मुगाची डाळ. आबा, थट्टा काय सुचते तुम्हाला!"

"लसूण?"

"लसूण तर हवाच. आई म्हणते, लसूण नसेल तर ती मेथी कसली, नुसता पाला. काल तर तिनं माझ्या मागं उभं राहून चार पाकळ्या..."

आणि बोलता बोलता प्रणितानं खाली पाहिलं. तिच्या एका हातात तडकलेली काच होती, अख्खीच्या अख्खी निघालेली. दुसऱ्या हातात फोन होता, आणि त्याच्या स्क्रीनवर ओरखडासुद्धा नव्हता.

मग आबा बोलले. ते फार बोलत नाहीत, पण तेवढं बोलले.

"पोरी, बांगडी ढकलून चढत नाही. बाईचं ध्यान हाताकडे असतं तोवर तो हात दगड असतो. म्हणून आम्ही माहेर विचारायचो, सासू कशी आहे विचारायचो. ती बोलण्यात रमली की बांगडी मनगटावर. त्या व्यापाऱ्याच्या घाईत तू काच ओढलीस. चूक तुझीच होती, मी ती पुसणार नाही. पण तुला वाटलं, हातच फुटला. माणसाच्या अंगावरही अशी एक काच असते. माझ्याकडून कधी चुकत नाही, ही ती काच. दोन वर्षं तुझ्यावर ती चकचकीत होती. घाव तिनं झेलला, तडे तिला गेले. खाली तुझी विद्या अखंड आहे, आत्ता तूच पाहिलीस. काच झेलायलाच असते. पण तडकल्यावर ती जपून ठेवायची नाही, नाहीतर तीच बोटं कापते."

प्रणितानं विचारलं, "आणि खरंच स्क्रीन फुटली असती तर?"

"तर नातीला सांगितलं असतं, आजोबा म्हातारे झाले, हातातून फोन पडला. तू कशाला मध्ये?"

आता ती हसत होती आणि रडतही होती. तेव्हाच आबा म्हणाले, "उद्यापासून दुकानात यायचं नाही. तुझा खोका उघड." त्याच वेळी समोरून दोघी बायका गेल्या. त्यांनी तिचे डोळे पाहिले, आबांच्या हातातला अडकित्ता पाहिला, एवढंच वाक्य ऐकलं आणि थेट गिरणी गाठली.

"नात दिसली का मग सातला?" मी विचारलं.

"स्वच्छ. पुढचा दात पडलाय तिचा," आबा म्हणाले आणि पुन्हा सुपारीला लागले.

मला कुठलं राहवतंय? मी तशीच स्टँडवर गेले. खोका उघडा होता, दाराला झेंडूचं तोरण होतं, आणि प्रणिता एका कंडक्टरच्या फोनला कव्हर चढवत होती. तो गेल्यावर मी माझा फोन पुढे केला. माझ्या काचेला सहा महिने तडा होता. काढायला गेले तर खालचं फुटेल, या भीतीनं मी तशीच वापरत होते. बोटाला दोनदा कापलंही होतं.

तिनं आधी कव्हर उतरवलं. ते पार पिवळं पडलेलं. मागून शिंप्याची पावती निघाली, अंगाऱ्याची पुडी निघाली, दहाची नोट निघाली.

"काकू, हे कव्हर आहे का कपाट?"

"असू दे गं. पण जपून हं, तडा मोठा आहे. खालचं फुटणार नाही ना?"

तिनं नखानं कोपरा उचलला. हात स्थिर होता. मीच खोक्याची फळी घट्ट धरून उभी होते. इतक्यात ती म्हणाली, "काकू, आज भाजी कसली?"

"भाजी कसली घेऊन बसलीस! सकाळपासून तुझ्यापायी दळण गिरणीत पडलंय, घरी वाटीभर पीठ नाही, आणि तुझे काका बाराला..."

"झालं," प्रणिता म्हणाली. काच तिच्या हातात होती.

घरी येताना मनात आलं, तडा गेला म्हणून हातपाय गाळण्याआधी माणसानं एवढंच बघावं, की तो नेमका कुठल्या काचेला गेला.

दळण घ्यायला गिरणीत गेले तर गिरणीवाल्याची बायको वाटच बघत होती. "खरं का हो काकू? आबांनी फोन फोडला आणि पोरीला काढून टाकलं?"

"हातोडी नव्हती, अडकित्ता होता," मी म्हटलं. "फुटली ती वरची काच. पण उद्यापासून येऊ नको म्हणाले, हे मात्र अगदी खरं."

"म्हणजे अर्धंच?" ती जराशी हिरमुसली.

"अर्धंच," मी म्हटलं, आणि गरम पिठाचा डबा कमरेवर घेऊन घरी निघाले.